गंजाची ग्वाही

पिकअपखाली पाठीवर पडून सुतार आता आणखी काय खोटं बोलावं याचा विचार करत होता.

दारांच्या कडांचा गंज सांगून झाला होता. हौद्याच्या पत्र्याला बोटभर भोक होतं, ते त्यानं मूठभर करून सांगितलं होतं. तरी काकू भावावरून तसूभर हलत नव्हत्या. लाकडातलं सुताराला सगळं कळायचं. लोखंडाबद्दल एवढंच ठाऊक होतं, की त्याला वाळवी लागत नाही. पण घासाघीस करायला ज्ञान कुठे लागतं? चेहरा लागतो. सुतकी चेहरा करून तो सकाळपासून गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होता.

गाडी कधीची विकायला काढलेली होती. गल्लीतले सांगत, गिऱ्हाइकं येतात, भाव मान्य करतात आणि ऐनवेळी काकूच नाही म्हणतात. सुताराला मात्र गाडी हवीच होती. दर कपाटाला भाड्याचा टेम्पो करायचा आणि अर्धी मजुरी टेम्पोवाल्याच्या घशात घालायची, याला त्याची बायकोही विटली होती. निघताना तिनं बजावलं होतं, "भाव पाड, पण शपथा घेऊ नकोस. तुझ्या शपथा मला निस्तराव्या लागतात."

"खाली काय दिसतंय?" काकूंनी वाकून विचारलं. "आणि जरा मोठ्यानं सांगा. ह्यांना कमी ऐकू येतं."

हे म्हणजे काका, जुने प्लंबर, गाडीचे मालक. ते व्हरांड्यात आधी गाडीकडे पाठ करून बसले होते. मघाशी काकूंनीच त्यांना खुर्चीसकट इकडे वळवलं होतं. त्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"बराच गंज आहे, काकू!" सुतार गाडीखालून ओरडला.

"ब्रेकला पण?"

आयतीच वाट मिळाली. ब्रेकची नळी सुताराच्या नाकासमोर होती. कुणी कालच तेलाच्या फडक्यानं पुसावी तशी चकचकत होती. आतून कुणीतरी 'नको' म्हणालं. पण गाडी घ्यायची असली, की माणसालाही कमीच ऐकू येतं.

"ब्रेकची नळी पार सडलीये!" त्यानं बेंबीच्या देठापासून सांगितलं. "आजची नाही, चांगली चार-पाच वर्षांची सड आहे. वरून दिसायची नाही. असल्या गाडीत पेडलवर उभं राहिलं तरी ब्रेक लागायचा नाही!"

भाव पडला, असं समजून सुतार अंग झाडत बाहेर आला.

काका उठून उभे होते. ते डोळे उघडून थेट गाडीकडे बघत होते.

"कधीपासूनची सड म्हणालास?"

सुतारानं काकूंकडे पाहिलं. काकू पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "तीन वर्षांपूर्वी उतारावर गाडी खांबावर आदळली. हे चालवत होते, शेजारी भाऊजी, ह्यांचे धाकटे भाऊ. त्यांचा पाय मोडला, अजून लंगडतात. ब्रेक लागला नाही, असं हे पहिल्या दिवशी म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागले, मीच उशिरा दाबला. भाऊजी बिचारे भेटायला येतात आणि हे मागच्या खोलीत जाऊन बसतात. गाडीचा पत्रा ठोकून झाला. ह्यांचं काय करायचं?"

"म्हणजे माझी चूक नव्हती?" काकांनी विचारलं.

खरं सांगायचं, तर म्हाताऱ्याला पुन्हा त्याच खांबावर नेऊन आदळायचं. त्यानं बायकोची मनातल्या मनात माफी मागितली.

"आईशपथ नव्हती, काका. तुमच्या जागी कुणीही असता, तरी गाडी थांबली नसती."

मघाशी भावासाठी खोटं बोलताना आवाज कसा खणखणीत होता. आता फुकट बोलताना तो चिरकला.

"अगं, धाकट्याला फोन लाव," काका म्हणाले. "नको, मीच लावतो." दारात थबकून त्यांनी सुताराच्या खांद्यावर हात ठेवला. "भंगार आहे रे ते. असंच घेऊन जा. तू देवमाणूस आहेस."

काका आत गेले. देवमाणूस फाटकाकडे निघाला. फुकट मिळणारी वस्तू सोडून जाण्याचा त्याच्या घराण्यात हा पहिलाच प्रसंग होता. आतून काकांचा आवाज येत होता. ते हसत होते की रडत होते, ते कळत नव्हतं.

फाटकाशी काकूंनी त्याला गाठलं.

"गाडी नको, काकू," तो मान वर न करता म्हणाला. "नळी धड आहे. मी खोटं बोललो. माझी जीभ झडो."

"झडायचं काही कारण नाही. नळी मीच पुसते." काकूंनी त्याच्या हातावर किल्ली ठेवली. "आणि फुकटबिकट काही मिळणार नाही. मी सांगितला तो भाव, पुरता. कोपऱ्यापर्यंत ढकलत न्या, इथे सुरू करू नका. भंगारात गेली, असं सांगेन मी."

सुतार किल्लीकडे बघत राहिला. "मग इतकी गिऱ्हाइकं परत का पाठवलीत?"

"मेले सगळे टायरला नाहीतर रंगाला नावं ठेवून थांबायचे," काकू म्हणाल्या. "ब्रेकपर्यंत खोटं बोलणारा माणूस आजच आला."