ओली राख

नवरा वारल्यावर यंदा खंडेनवमीला आक्काताईंनी मळ्यातल्या इंजिनाची पूजा केली, तेव्हापासून इंजिन ठोके चुकवू लागलं. कृष्णेचं पाणी चढेना, ऊस वाळायला लागला. “कुंकू पुसलेल्या बाईनं पुजा केल्यावर दुसरं काय हुनार?” दीर चारचौघांत म्हणाला. सांगलीहून आलेल्या मिस्त्रीनं डिझेलच्या नळीवर राख भुरभुरली. टोकाजवळ एका जागी ती ओली झाली. तिथं पितळेला चीर होती, चिरेत नारळाच्या शेंडीचा धागा अडकला होता. नारळ नळीवरच फुटला होता. तिथूनच हवा शिरत होती. मिस्त्रीनं धागा हळूच खिशात टाकला. “नळी जुनी हाय, आपसूक चिरली,” तो दिराला म्हणाला. लढाई चालू होती, त्यापायी बाजारात नवी नळी मिळेना. चिरलेलं टोक कापून त्यानं तीच बसवली. इंजिन धडधडलं. त्या आवाजात तो आक्काताईंजवळ वाकला. “आवं आक्का, पुढल्या साली नारळ दगडावर फोडा. पर फोडा तुमीच.”