परतीची तारीख

बाबा मेलबर्न सोडून कायमचे इटलीला, आपल्या गावी निघाले होते. दरवर्षी घरी केलेला टोमॅटो सॉस भरायच्या गॅरेजमधल्या रिकाम्या बाटल्या कचऱ्याच्या डब्याशेजारी रचत होते. मी त्यांच्या आरोग्य विम्याच्या कंपनीला स्पीकरवर फोन लावला. “पॉलिसी सरळ बंद कर, कॉन्चेत्ता,” बाबा ओरडले. पलीकडची बाई म्हणाली, “पॉलिसी बंद केलीत, तर नवी घेतल्यावर क्लेमसाठी वर्षभर थांबावं लागेल. परदेशी जाताय तर तात्पुरती थांबवा, हप्ता लागणार नाही. फक्त परतीची तारीख सांगा.” मी फोन बाबांपुढे धरला. ते बाटल्यांकडे बघत राहिले. “सॉस कोण करणार?” त्यांनी मला विचारलं. “मी.” “तू? मागच्या वर्षी तू सॉस भरून उकळत ठेवलेल्या बाटल्यांपैकी अर्ध्या फुटल्या!” “मग विकतचा आणीन.” “विकतचा?” बाबांनी फोन हिसकावला. “ऐका बाई, आमचे इथले टोमॅटो फेब्रुवारीत पिकतात. एकतीस जानेवारी लिहा. कॉन्चेत्ता, बघतेस काय? बाटल्या आत ने.”