वरच्या पाड्याचा टँकर

रविनाची पहिली कमेंट वाचून नितीनला राग आला होता.

टँकरच्या फेऱ्यांचं वेळापत्रक त्याने मोखाड्याच्या ऑफिसात बसून आखलं होतं. ती फाईल ऑनलाइन टाकून प्रत्येक पाड्यावरच्या एकेकाला त्यात लिहायची सोय करून दिली होती. बहुतेकांनी 'ठीक आहे' एवढंच लिहिलं. रविनाने लिहिलं, 'सूर्यमाळच्या वरच्या पाड्याची गाडी ओढ्याकडून दाखवली आहे. तो रस्ता खचला आहे. शाळेकडून पाठवा.'

त्याने टँकरच्या ड्रायव्हरला, तुळशीदासला, विचारलं. रस्ता खरंच खचला होता.

मग तो तिच्या कमेंटची वाट बघू लागला. बदली होऊन आल्यापासून त्याच्याशी कामाखेरीज कुणी बोलत नव्हतं. खानावळीत तो मोबाईल समोर ठेवूनच जेवायचा. रविना नेमकं लिहायची. काय चुकलंय, का चुकलंय, काय करायला हवं. बारावी झालेली पोर, टेकडीवर चढून रेंज पकडते, एवढंच त्याला ठाऊक होतं. मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांना तिच्यासारखं लिहायला सांगितलं.

'गाडी सकाळऐवजी दुपारी पाठवा,' तिने एकदा लिहिलं. 'दुपारी ड्रायव्हरला घाई नसते.'

पुढे कधीतरी, 'टाकी अर्धी असली तरी चालेल. फेरी चुकवू नका.'

किती समजूतदार, असं त्याला वाटलं. त्याने खाली लिहिलं, 'चुकणार नाही.' आणि ते पाळलं.

खालच्या पाड्याचा गोकुळ मात्र दर वेळी एकच लिहायचा, 'पाण्याचं जरा बघा.' नितीनने विचारलं, नक्की काय हवंय, किती कमी पडतंय? उत्तर आलं नाही. एप्रिलमध्ये एक टँकर बंद पडला आणि कुणाची तरी फेरी कापणं भाग पडलं. ऑफिसातल्या साहेबांनी वरच्या पाड्याची फेरी कापू म्हटलं. नितीनने रविनाच्या कमेंट उघडून दाखवल्या. गरज तिथे स्पष्ट दिसते, म्हणाला. गोकुळच्या पाड्याला दिवसाआड पाणी सुरू झालं.

मे महिन्यात तो स्वतःच तुळशीदासशेजारी बसून निघाला. पाहणी करायची, असं ऑफिसात सांगितलं होतं. निघताना शर्ट मात्र दोनदा बदलला होता.

पाड्यावर कसं काय आहे, असं त्याने वाटेत विचारलं.

"पोरगी चांगली हाय," तुळशीदास म्हणाला. त्याला फेरीमागे पैसे मिळत. मग त्याने रस्त्यातल्या खड्ड्यांचा विषय काढला.

खालच्या पाड्यावर बाया विहिरीभोवती हंडे लावून बसल्या होत्या. टँकर दिसताच दोघीतिघी उठल्या. आज त्यांचा दिवस नव्हता. टँकर पुढे गेला तशा त्या पुन्हा बसल्या. नितीनने काच वर केली.

वरच्या पाड्यावर विहिरीपाशी रविना एकटीच उभी होती. केस नीट विंचरलेले, पायात चपला. टँकरचा पाइप विहिरीत सोडून तुळशीदास सावलीला जाऊन बसला. त्याच्यासाठी तिथे चटई घातलेली होती.

नितीनने आपलं नाव सांगितलं. ती लाजून हसली. सर, तुम्ही एवढे लांब आलात, म्हणाली.

पाणी विहिरीत पडत राहिलं. हंडा घेऊन कुणी आलं नाही. नितीनने घरांकडे पाहिलं. दारांना बाहेरून कड्या होत्या, उंबऱ्यांवर पाचोळा साचला होता.

"माणसं कुठायत?"

"भिवंडीला, वीटभट्टीवर. दिवाळी झाली तशी समदीच गेलीत. घरं राखायला मला ठेवलंय."

"मग एवढं पाणी कशाला मागवतेस?"

"पाणी मला हंडाभर पुरतं, सर," रविना म्हणाली. "पण टँकर बंद झाला, तर इथं येईल कोण?"