मास्तर विचारात पडले की

लॅपटॉप तिसऱ्यांदा टेबलावर पालथा पडला होता आणि मेकॅनिक बाई त्याच्या पाठीतला शेवटचा स्क्रू परत बसवत होती.

"काय डॉक्टरीणबाई, पेशंट वाचतोय का?" आजोबांनी खुर्चीतून विचारलं.

"पेशंट ठणठणीत आहे, आजोबा. तोच तर वैताग आहे."

पहिल्या खेपेला तिने पंख्यातली धूळ काढली होती, दुसऱ्या खेपेला मेमरी बदलली होती. दुकानात तो दोन-दोन दिवस गुमान चालायचा. या घरात आला की दुपारी चारनंतर कधीतरी गोठायचा. बटणं दाबून बोटं दुखली तरी ढिम्म हलायचा नाही. मग आजोबा आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असे ओरडायचे, "अडकला गं पुन्हा!" आणि सावकाश बंद करून सावकाश चालू करायचे.

चार वाजता त्याच लॅपटॉपवर त्यांचा बुद्धिबळाचा डाव असायचा. जोडीदार म्हणजे मास्तर, दूरच्या शहरातले, चाळीस वर्षांपासूनचे मित्र. घशाच्या ऑपरेशननंतर मास्तरांचं बोलणं बंद झालं होतं, चाली तेवढ्या यायच्या. मधे आजोबांना हृदयाचा झटका येऊन गेला. तेव्हापासून या डावावरच त्यांचा दिवस उभा होता.

"डाव मधेच बंद पडला की हे धड जेवत नाहीत," आजींनी फोनवर सांगितलं होतं. "काहीही कर, पण या वेळी नीट कर गं बाई."

आजोबांना त्याचं काहीच नव्हतं. "राहू दे की, चालतंय तसं. म्हाताऱ्यांना घाई कसली?" खेळातलं घड्याळसुद्धा त्यांनी बंद करून ठेवलं होतं. "पन्नास वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली. आता खेळताना तरी ती टिकटिक नको."

बाईने लॅपटॉप सुलटा केला. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते तिने आज विचारलं. "अडकतो त्या वेळी तुम्ही नेमकं काय करत असता?"

"काही नाही. मास्तरची वाट बघत असतो. हल्ली फार विचार करतो तो. दहा-दहा मिनिटं."

"आणि जिंकतात का?"

"गेल्या आठवड्यात तीनदा हरवलं मला, लबाडाने!" आजोबा एवढे खुशीत म्हणाले, की जणू तेच जिंकले होते.

बाईचा हात थांबला. दहा मिनिटं काहीच नाही. ना चाल, ना बटण. तिने कपाळावर थाप मारली.

"सापडला चोर! हालचाल नसली की वीज वाचवायला हे वाय-फायचं कार्ड डुलकी घेतं. त्याला उठवायचं काम ज्या प्रोग्रॅमचं, तोच गडबडतो आणि सगळ्या लॅपटॉपला घेऊन बसतो. दुकानात मी सारखं काहीतरी चालवत असायचे, याला डोळा लागायला सवडच नव्हती. म्हणजे दोष मास्तरांचा. ते विचारात पडले की हे झोपतं!"

आजी दारात उभ्या होत्या. "मास्तरांचा कसला आलाय दोष?" त्या फणकाऱ्याने म्हणाल्या. मग डोकं चढलंय म्हणून आत पडायला निघून गेल्या.

बाईने सेटिंग उघडलं. वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची जी परवानगी होती, तिच्यापुढची खूण काढून टाकली. "आता याला झोप नाही. खेळा तुम्ही, मी बसते."

चार वाजता डाव मांडला गेला. सहाव्या चालीनंतर मास्तर विचारात पडले. पाच मिनिटं झाली, आठ झाली, अकरा झाली. आजोबांनी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. पडद्यावरचा बाण मजेत फिरत होता.

"बघा!" बाई म्हणाली.

"हो, छान झालं," आजोबा म्हणाले. पण चेहरा उतरल्यासारखा दिसला.

जाण्याआधी राउटर बघून घ्यावा म्हणून ती पॅसेजमध्ये गेली. राउटर आतल्या खोलीच्या दारापाशी होता आणि दार चार बोटं उघडं होतं. पलंगावर आजी ताठ बसल्या होत्या. समोर छोटा पट मांडलेला, मांडीवर लहान मुलांचं बुद्धिबळाचं पुस्तक, हातात फोन. बाईला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मास्तर गेले गं," त्या कुजबुजल्या. "सात महिने झाले. हे तेव्हा दवाखान्यात, डॉक्टर म्हणाले धक्का नको. मास्तरांच्या मुलीने त्यांचं खेळातलं खातं मला दिलं. वाटलं, बरे होईपर्यंत चार दिवस खेळावं. मग सांगायला तोंडच राहिलं नाही."

"आजोबांना काहीच कळलं नाही?"

"नाही. आणि तू कळू देऊ नकोस. हाय खाईल हा माणूस."

बाईने मान हलवली. बाहेर येऊन, आपल्याला काही ठाऊकच नाही अशा चेहऱ्याने तिने पिशवी आवरली.

आजोबा फाटकापर्यंत पोचवायला आले. चप्पल घालायचंही भान नव्हतं. त्यांनी मागे वळून घराच्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मुली, ती डुलकीची खूण परत लावून देशील का? अडकला म्हणून मी ओरडलो, की तिला पुस्तक चाळायला जरा वेळ मिळतो. घोडा अजून चुकतो तिचा."