आठ फोनांचं लायसन्स

नवं लायसन्स न घेता जुना एखादा नंबर उडवला, तर मालकांचा फायदा दुहेरी होता: खर्च वाचणार, आणि आजच कामावर रुजू झालेल्या लेकीला टेबलावर स्वतःचा फोन मिळणार. पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या त्या ऑफिसातल्या फोन सिस्टिमला आठच फोन चालवायचं लायसन्स होतं. लेकीचा नववा.

“एक लायसन्स वाढवा साहेब, दहा मिनिटांचं काम आहे,” टेक्निशियन तिसऱ्यांदा म्हणाला.

“आणि हा सहा नंबर कोण वापरतं? तो उडव,” मालक त्याच्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले.

सहा नंबरचा फोन ऑफिसात कुठेच नव्हता. तरी स्क्रीनवर तो सकाळपासून मालकांच्या केबिनशी बोलताना दिसत होता. केबिनमधला रिसीव्हर तर जागेवरच होता.

मालकांनी वैतागून तो उचलला. पलीकडे त्यांचाच आवाज कुणाला तरी म्हणत होता, “हो, ऐकतोय. सावकाश सांग.” इतक्या सबुरीने मालक जन्मात कुणाशी बोलले नव्हते.

“लाइनी गुंतल्यात, दुसरं काय! उडव म्हटलं ना!”

“उडवतो. मग माझ्या नावाने ओरडू नका.”

सहा नंबर लेकीच्या फोनला मिळाला. मालकांनी केबिनमधून ऐटीत पहिला फोन लावला. “अगं, बाबा बोलतोय.”

काचेपलीकडे ती हसली. “चेष्टा पुरे हं. बाबा केव्हाचे दुसऱ्या लाइनवर आहेत माझ्याशी. तुम्ही कोण?”

मालकांनी काचेवर हात आपटला. तिने मान वर करून थेट त्यांच्याकडे पाहिलं आणि टेक्निशियनला विचारलं, “ही केबिन रिकामी का ठेवलीय हो?”

लायसन्स एकही वाढलं नव्हतं. कमी झाले होते ते मालक.