बसायची खुर्ची

मिलानच्या संग्रहालयात एर्सीलिया गावात्सीबाईंच्या कलाकृतींचं प्रदर्शन उघडलं. भाषणं लांबत गेली, तसे नव्वदी ओलांडलेल्या बाईंचे पाय भरून आले. त्यांनी सरळ आडवी लावलेली दोरी ओलांडली आणि मधोमध मांडलेल्या, स्वतःच घडवलेल्या लाकडी खुर्चीवर बसायला त्या वाकल्या.

"अहो सिन्योरा!" पहारेकरी ओरडला. "बसायचं नाही तिच्यावर! कला आहे ती!"

संचालक ब्रीव्हिओंना बाईंच्या तोंडाचा पट्टा चांगला ठाऊक होता. ते धावत आले. "अरे, तुला कळतं का काही? त्यांचीच खुर्ची आहे! सिन्योरा, माफ करा, तुम्ही खुशाल बसा."

बाई मात्र काठी टेकून ताठ उभ्या राहिल्या.

"त्याला कशाला झापताय? युद्धानंतर हीच खुर्ची घेऊन मी तुमच्या दारात आले होते. तेव्हाचे संचालक हिच्यावर ऐसपैस बसले आणि मला म्हणाले, 'पोरी, हे फर्निचर आहे. कला असेल तर घेऊन ये.'"

मग पहारेकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तू कुण्णालाही बसू देऊ नकोस हं, बाळा. मलासुद्धा नाही."