हातावरचं दही

केरळात महिनाभर योगशिक्षिकेचं प्रशिक्षण, तेही भर मे महिन्यात. आणि सून बॅगेत लोकरी स्वेटर कोंबत होती. कुमुदताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"तिथं घामाच्या धारा लागतील. हे कशाला?"

"असू दे, आई. थंडीत लागेल."

सुनेने जीभ चावली आणि ती घाईघाईने योगाची मॅट गुंडाळू लागली. बाही वर सरकली. दंडावर बोटांचे काळेनिळे वळ होते.

बाहेरून मुलगा ओरडला, "आई, हिच्या हातावर दही घाल लवकर!"

निघताना हातावर दही पडलं की माणूस घरी परत येतं.

स्वयंपाकघरात दही छान घट्ट लागलं होतं. कुमुदताईंनी त्यावर झाकण ठेवलं.

"दही लागलंच नाही रे आज," त्या म्हणाल्या. "जाऊ दे तिला तशीच."